गळ्यात रेकॉर्डर अडकवण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला कळेल.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी ते तुम्हाला "ताईकडे लक्ष ठेव" म्हणाले, हे तुम्हाला पक्कं आठवतं. ताई त्याच खोलीत होत्या. त्या म्हणतात, असं ते बोललेच नाहीत. "मला घरी ने" एवढंच सारखं म्हणत होते. यावरून तुम्हा दोघांत अबोला आहे. तुमची मुलगी आता दोन वर्षांची झाली, आणि तुम्ही गळ्यात अडकवायचा रेकॉर्डर किंवा कॅमेऱ्याचा चष्मा घ्यायच्या विचारात आहात. यापुढे काही निसटायला नको. सगळं जसंच्या तसं साठवता आलं तर माणसाचं भलं होईल की नुकसान, असं तुम्ही विचारलंत.

मी नागपुरात २४ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे काही लोक विसरता येत नाही म्हणून येतात, काही आठवत नाही म्हणून. दोघांना एकच औषध देता येत नाही, म्हणून सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. पण तुमच्यापुरतं माझं मत सांगून टाकते: मोजक्या नोंदी जरूर ठेवा, चोवीस तासांचा रेकॉर्डर घेऊ नका. त्याचं कारण लोक सहसा देतात ते नाही. खासगीपणा वगैरे मुद्दे आहेतच, पण माझी धास्ती वेगळी आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी एक बाई यायच्या. (ओळख पटू नये म्हणून इथल्या सगळ्या माणसांचे तपशील बदलले आहेत.) नवरा अपघातात गेलेला. त्याचा शेवटचा व्हॉइस मेसेज फोनमध्ये होता, जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा: "अगं, बर्डीवर आहे, येताना दही आणू का? लवकर सांग, गाडी रस्त्यातच उभी आहे." रोज रात्री झोपताना त्या तो ऐकायच्या. सुरुवातीला आधार वाटायचा. मी पण त्यांना अडवलं नाही, आणि ते माझं चुकलं असं आज वाटतं. आठ महिन्यांनी त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "मॅडम, मला त्याचा दुसरा आवाजच आठवून नाही राहिला. रागावला की कसा बोलायचा, पोराला हाक कशी मारायचा, काहीच येत नाही. नुसतं दही येतं."

हा भ्रम नव्हता. स्मृतीवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. १९९४ मध्ये मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गटवार शब्द पाठ करायला दिले. समजा, 'फळं' या गटात संत्रं, केळं, आंबा. मग त्यातल्या काहींचीच उजळणी करून घेतली. उजळणी झालेले शब्द चांगले आठवले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्याच गटातले उजळणी न झालेले शब्द इतके मागे पडले, की ज्या गटांना कोणी हातही लावला नव्हता त्यांतले शब्द त्यांच्यापेक्षा बरे आठवले. म्हणजे संत्र्याची घोकंपट्टी केली तर केळं नुसतं मागे राहत नाही, ते मागे ढकललं जातं. (नागपूरकराला हे उलट सांगितलं असतं तर पटलं नसतं.) त्या बाईंच्या बाबतीत दहा सेकंदांच्या क्लिपने पंधरा वर्षांच्या संसारातले बाकीचे आवाज ढकलले होते.

आम्ही ती क्लिप पुसली नाही. पुसा म्हणणारे सल्लागार असतात, मी नाही. फोनमधून काढून ती बहिणीच्या फोनमध्ये ठेवायला दिली. ऐकायची तर रविवारी, बहिणीसोबत. इतर दिवशी त्या मुलाशी आणि दिराशी नवऱ्याबद्दल बोलायच्या, दही सोडून काहीही. पूर्ण आवाज परत आला असं मी म्हणणार नाही. पण एकदा दिराने पोराला अंगणातून हाक मारली आणि त्या हातातलं पीठ तसंच ठेवून रडायला लागल्या. हाक मारण्याची तऱ्हा भावाभावांची एकच होती.

म्हणून रेकॉर्डरबद्दल मला पहिली शंका येते ती ही. सगळं साठवलं तरी सगळं ऐकणार कोण? एक दिवस पूर्ण ऐकायला एक दिवस लागतो. तुम्ही काही तुकडेच निवडाल, आणि निवड दुखऱ्या मनाने होईल. साठा कितीही परिपूर्ण असो, डोक्यात राहतो तो पुन्हा पुन्हा लावलेला तुकडा.

दुसरं उदाहरण जोडप्याचं. तिशीतले दोघं. त्याच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे, दोन वर्षांचे जपून ठेवलेले. तिसऱ्या भेटीत त्याने फोन टेबलावर ठेवला. "मी खोटं बोलून नाही राहिलो मॅडम, हे ऐका." तारीख-वेळेसकट बायकोचा आवाज: "तुझ्या आईचं मी काही करणार नाही." शब्द न शब्द खरा. ती म्हणाली, "हो, म्हटलं मी. पण त्याच सकाळी ओट्यापाशी तू मला काय म्हणाला, ते लाव ना." ते नव्हतंच. फोनवर न बोललेलं फोनमध्ये कुठून येणार? पुढच्या भेटीपर्यंत भांडण सासूवरून सरकून क्लिपवर आलं होतं: कोणती लावायची, कुठून लावायची, ती हसली होती की रडली होती.

तुम्ही म्हणाल, चष्म्याचा कॅमेरा असता तर ओट्यापाशीचंही सापडलं असतं. सापडलं असतं. मग त्याच्या आदल्या रात्रीचं लागलं असतं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटल्यात जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकतं असा निकाल दिला. तेव्हापासून माझ्या खोलीत क्लिपा वाढल्यात. कोर्टाला निवाडा करायचा असतो, त्याला पुरावा लागणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना अजून एकत्र राहायचंय त्यांच्यात एक जिंकला की संध्याकाळी हरलेल्याच्या शेजारी बसून जेवायचं असतं. एरवी भांडण झिजतं. सहा महिन्यांनी शब्द पुसट होतात, "तेव्हा आपण दोघंही थकलेलो होतो" एवढं शिल्लक राहतं. क्लिप झिजत नाही. त्या जोडप्यातली बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "याच्या फोनचीच मारबत काढली पाहिजे." आम्ही तिघंही हसलो. ती हसण्याची त्या महिन्यातली पहिली वेळ होती. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि शेवटी त्या जाळतात. सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्या त्या वर्षीच्या रागाचे असतात. गेल्या वर्षीचा बडग्या पुन्हा कोणी काढत नाही.

आठवण मुळात कशी चालते हेही थोडं सांगायला हवं, कारण "माझी आठवण खरी की ताईची" हा तुमचा प्रश्न त्यावर अडलाय. आठवताना आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केल्यावर काही काळ कच्ची होते. नेमक्या त्या वेळी मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रथिनं तयार होणं औषधाने रोखलं, तर ती पुन्हा नीट बसत नाही. माणसांत हे कुठवर लागू होतं यावर अजून वाद चालू आहे. पण रोजच्या कामात मी जे पाहते ते याच्याशी जुळतं: सांगता सांगता माणसाची गोष्ट बदलते, आणि बदलली हे त्याला कळत नाही.

तुम्हाला वाटेल, म्हणूनच तर पुरावा हवा. मग हे ऐका. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाण होताच फुटलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा तुम्ही काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. साधारण पाव जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही, आणि तरी खात्री दांडगी. त्यांना त्यांच्याच हातचे कागद दाखवले. अक्षर आपलंच आहे हे नाकारता येईना, पण नवी आठवण सोडायलाही काही जण तयार होईनात. स्वतःचं हस्ताक्षर जिथे हरलं, तिथे दवाखान्यातल्या रेकॉर्डिंगवर तुमची ताई किंवा तुम्ही "हं, माझं चुकलं" म्हणून मोकळे झाला असता याची मला खात्री नाही. "बाबांचा आवाज नीट आलाच नाही, त्याच्या आधी बोलले होते" हे पुढचं वाक्य मी आत्ताच लिहून देते.

आता जिथे माझं मत उलटं आहे ते सांगते.

घरात मारहाण होते, शिव्या दिल्या जातात आणि सकाळी "असं काही झालंच नाही, तुझ्या डोक्यात फरक पडलाय" असं पटवलं जातं, अशा बाईला मी स्वतः नोंद ठेवायला सांगते. तारीख, फोटो, आवाज, आणि त्याची एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे. तिथे नोंद तिचं शहाणपण शाबूत ठेवते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना तर नोंदीचा मोठाच उपयोग होतो. मेंदूच्या सुजेमुळे स्मृती गेलेल्या इंग्लंडमधल्या एका बाईंवर केंब्रिजच्या संशोधकांनी २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: गळ्यात अडकवलेला छोटा कॅमेरा आपोआप फोटो काढायचा, नवऱ्यासोबत ते फोटो अधूनमधून पाहिले की त्यांना प्रसंग बराच काळ आठवत राहायचे, नुसत्या लेखी डायरीने तेवढे नाही. तुम्ही घेऊ म्हणताय त्याच जातीचं यंत्र. पण त्यातही वापराची रीत महत्त्वाची. माझ्याकडच्या एक काकू, यजमानांना अल्झायमर. ते जेवून उठले की दहा मिनिटांत "मला जेवायला दिलंच नाही" म्हणायचे. काकूंनी जेवतानाचा व्हिडिओ काढून दाखवायला सुरुवात केली. काका व्हिडिओ बघायचे, गप्प व्हायचे, आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ते खोटे ठरल्याचं दुःख राहायचं, जेवल्याचं मात्र आठवायचं नाही. व्हिडिओ बंद केला. त्याऐवजी वाटीत चार मुरमुरे आणि "आत्ता हे खा, मग बघू." लग्नाचा अल्बम मात्र रोज काढायला सांगितला, कारण त्यात कोणी कोणाला खोटं पाडत नाही.

आणि एक जात अशी, जिला कॅमेरा विषासारखा. शंका घेत राहणारं मन. एक नोकरदार मुलगी गॅसचा नॉब बंद असल्याचा फोटो काढून ऑफिसला जायची. छान युक्ती वाटली तिला. महिन्याभरात फोटो कालचा तर नाही ना असं वाटू लागलं, मग व्हिडिओ, मग व्हिडिओत घड्याळ. २००३ मध्ये मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी संगणकावरच्या आभासी शेगडीवर हेच करून पाहिलं होतं: वारंवार तपासणाऱ्यांची आठवण फारशी चुकीची होत नाही, पण फिकी पडते आणि तिच्यावरचा भरवसा उडतो. तुमच्या प्रश्नातलं "काहीही निसटायला नको" हे वाक्य वाचून मला ती मुलगी आठवली, म्हणून स्पष्टच विचारते: दार लावलं का, मुलगी श्वास घेतेय का, हे तुम्ही रात्री कितीदा उठून बघता? दोन-तीनदापेक्षा जास्त असेल तर रेकॉर्डर बाजूला ठेवा आणि आधी कोणाला तरी दाखवून घ्या.

काहीच न विसरणारी माणसं सुखी असतात का, असंही मला लोक विचारतात. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी शेरेशेव्स्की नावाच्या एका बातमीदाराचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्याला वर्षांपूर्वीच्या अर्थहीन याद्या म्हणून दाखवता यायच्या. पण त्याला चेहरे ओळखणं अवघड जायचं, कारण तो म्हणायचा, ते क्षणाक्षणाला बदलतात. विसरायच्या गोष्टी तो कागदावर लिहून जाळायचा, तरी राखेत आकडे दिसायचे. अलीकडे जिल प्राइस या अमेरिकन बाईंची केस २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यातल्या जवळपास प्रत्येक दिवसाची आठवण त्यांना ओझं वाटत होती. आणि गंमत म्हणजे, अशा अफाट आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या लोकांवर २०१३ मध्ये चाचण्या झाल्या तेव्हा खोट्या आठवणी त्यांच्यातही तुमच्या-आमच्याइतक्याच रुजल्या.

आता मुलीकडे येऊ. ती दोन वर्षांची आहे; मोठेपणी तिला या काळातलं जवळजवळ काहीच आठवणार नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीनच्या आसपासची असते. तुम्ही जे साठवाल तेच तिचं बालपण ठरेल, म्हणून जरा जपून. मुलांची स्मृती कशाने घडते यावर झालेल्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे: जे आईबाप झालेल्या प्रसंगाबद्दल मुलाशी ऐसपैस बोलतात, मोकळे प्रश्न विचारतात, त्यांच्या मुलांना पुढे प्रसंग जास्त तपशिलाने सांगता येतात. तेव्हा झोपताना पाच मिनिटं: "आज फुटाळा तलावावर काय दिसलं गं? मग बदकाने काय केलं?" बदक नव्हतं आणि ती होतं म्हणाली तरी चालेल.

फोटो काढा, पण प्रत्येक वेळी नाही. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखाद्या भागावर झूम करून काढला तेव्हा तो तोटा दिसला नाही. मी याचा घरगुती अर्थ असा लावते: कॅमेऱ्यावर काम सोपवून मोकळं झालात तर नुकसान, कॅमेऱ्यामुळे नीट बघितलंत तर नाही. चष्मा आपोआप सगळं टिपतो. बघण्याचं कामच उरत नाही.

खासगीपणाचं दोन ओळींत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या नोंदींना लागू नाही. म्हणजे तुमच्या घरी चहाला आलेल्या माणसाचं रक्षण तो करणार नाही. तुमचा सभ्यपणाच करेल. आणि गळ्यात रेकॉर्डर असलेल्या भावाशी ताई काय बोलणार?

शेवटी ताई. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच दिसलं. मूळची मी अमरावतीकडची, रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गेल्यावर तिथे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी भक्तांकडून जमवल्या, त्यातून लीळाचरित्र झालं. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी पाठ असलेल्यावरून ती पुन्हा उभी केली. ज्याला जसं आठवलं तसं, म्हणून पोथीची रूपं वेगवेगळी झाली. मला त्यांच्या एका सवयीचं फार कौतुक आहे: फरक असेल तिथे अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, हे नावानिशी लिहून ठेवलेलं सापडतं. एकाला खोटं पाडून दुसऱ्याचं ठेवलं नाही.

तसंच करा. दोनशे पानी वही आणा. एका पानावर ती संध्याकाळ तुम्हाला आठवते तशी लिहा: किती वाजले होते, पंखा चालू होता का, सलाईन कोणत्या हाताला होतं, तुम्ही कुठे उभे होता. समोरचं पान ताईंसाठी कोरं सोडा आणि श्राद्धाला किंवा राखीला भेटाल तेव्हा वही त्यांच्या हातात द्या. त्यांच्या पानावर काही दुरुस्त करायचं नाही, हसायचं नाही, "पण" म्हणायचं नाही. त्यांना लिहायचं नसेल तर त्या सांगतील तसं तुम्ही लिहा. माणूस जाण्याच्या वेळी तासाभरात चार वेगळी वाक्यं बोलतो; एकाच्या कानावर एक राहतं, दुसऱ्याच्या दुसरं. दोन्ही बोलले असण्याची शक्यता तुम्ही दोघांनीही अजून धरलेली दिसत नाही.

आणि तुमचं पान लिहिताना एक गोष्ट स्वतःला विचारा, मला कळवलं नाही तरी चालेल. "मला घरी ने" हे त्या संध्याकाळी तुमच्याही कानावर पडलं होतं का?